आयसीयूच्या दारातून आलेले प्रश्न : हार्ट परत चालू झालं, पण मेंदूचं काय?

मागच्या अंकात या सदरात सीपीआरबद्दल लिहिलं होतं. कोणी समोर कोसळलं तर १०८ ला फोन लावायचा आणि लगेच छाती दाबायला घ्यायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल. त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले निम्मे पुढच्या टप्प्याचे निघाले. म्हणजे छाती दाबली, शॉक दिला, हार्ट चालू झालं, पेशंट आयसीयूत गेला, तिथे मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून त्याचं अंग काही तास मुद्दाम थंड करून ठेवलं, आणि आता तो डोळेच उघडत नाहीये, मग तो शुद्धीवर येणार का, आला तर आधीसारखा असणार का. मी आयसीयूतच काम करते, हा प्रश्न मला दाराबाहेर रोज कोणीतरी विचारतंच, आणि बहुतेक वेळा टक्क्यांत विचारतात, मॅडम किती टक्के चान्स आहे. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. पत्र लिहिणाऱ्यांची नावं काढलीयत.

प्रश्न : मॅडम, माझे पप्पा ५८ वर्षांचे होते. सकाळी दूध घेऊन आले आणि दारातच पडले. शेजारच्या दादांनी छाती दाबली, अँब्युलन्समध्ये शॉक दिला, साधारण पंचवीस मिनिटांनी हार्ट चालू झालं असं आम्हाला सांगितलं. स्टेंट टाकला, मग चोवीस तास थंड ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले मेंदू ९० टक्के गेलाय, हातपाय अजिबात हलवत नाहीयेत, घरी न्यायचं तर बघा. काकांनी आणि मामांनी ठरवलं, तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डामा घेतला, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून घरी आणलं. घरी आणल्यावर दोन तासांत गेले. आठ महिने झाले आता. मला एकच विचारायचंय, आम्ही घाई केली का? (एक मुलगी, सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तसंच ठेवलं होतं, कारण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. पप्पा वाचले असते का हे मला सांगता येणार नाही आणि आता कोणालाच सांगता येणार नाही. पंचवीस मिनिटं हा मोठा काळ आहे, इतका वेळ गेल्यावर बरेच पेशंट खरंच उठत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी "९० टक्के गेलाय" हे कोणालाही कळू शकत नव्हतं. तो आकडा कुठल्याही टेस्टमधून आलेला नव्हता. तुमच्या घरच्यांनी जे ठरवलं ते जे सांगितलं गेलं त्यावरून ठरवलं, दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे दुसरं असतं तरी काय, त्यामुळे घाईचं ओझं तू घेऊ नकोस, ते तुझं नाहीये.

आता दुसरा दिवस का लवकरचा ते सांगते. हार्ट बंद पडलं की दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो आणि चार-पाच मिनिटांनंतर मेंदूच्या पेशी मरायला सुरुवात होते. पण सगळ्या पेशी एकाच वेळी मरत नाहीत, काही लगेच जातात, काही पुढचे दोन-तीन दिवस काठावर असतात, आणि बऱ्याचशा नुसत्या बधिर होऊन पडलेल्या असतात. बाहेरून बघणाऱ्याला मेलेली पेशी आणि बधिर पेशी सारखीच दिसते, दोन्हीत माणूस हलत नाही. त्यात आपण त्याला थंड करतो. थंड केलं की अंगात कापरं भरतं, ते थांबवायला झोपेची आणि दुखण्याची औषधं सलग ड्रिपवर चालतात, मिडाझोलाम, फेंटानिल, प्रोपोफॉल, कधी स्नायू ढिले करायचंही औषध. आणि थंड शरीरात लिव्हरचं काम मंदावतं, हार्ट बंद असताना किडनीलाही मार बसलेला असतो, म्हणजे जे औषध एरवी काही तासांत उतरेल ते दोन-दोन, तीन-तीन दिवस अंगात राहतं. अशा माणसाचं नख दाबून तो हात हलवत नाहीये म्हणून मेंदू गेला म्हणायचं, यात आपण मेंदू बघतोय का औषध बघतोय हेच कळत नाही.

जुने नियम कुठून आले तेही सांगायला हवं. १९८५ साली अमेरिकेत २१० बेशुद्ध पेशंटचा एक अभ्यास छापून आला, त्यातून कुठल्या दिवशी काय दिसलं की पेशंट उठत नाही याचे ठोकताळे निघाले. २००६ मध्ये तिथल्या न्यूरॉलॉजिस्टच्या संघटनेने नियमावली काढली, त्यात तिसऱ्या दिवशी हातापायाची हालचाल नसेल किंवा हातपाय नुसते ताठ होत असतील तर वाईट असं होतं. पण हे सगळं ज्या पेशंटवरून काढलं ते थंड न केलेले पेशंट होते. पुढे थंड केलेल्या पेशंटना तेच नियम लावले तेव्हा लक्षात आलं की हालचाल नाही या एकाच खुणेवर गेलं तर उठू शकणारी माणसंसुद्धा "गेली" या यादीत पडतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी रेसिडेंट होते तेव्हा एक रिक्षावाले आमच्याकडे आले होते, पंचेचाळिशीचे असतील. थंड करून झालं होतं, तिसऱ्या दिवशी सकाळी मी नखावर पेन दाबून बघितलं, काही नाही, आणि मी बाहेर जाऊन त्यांच्या बायकोला सांगितलं की आता फार आशा ठेवू नका. ती बाई म्हणाली, मुलगा गुजरातवरून निघालाय, तो येईपर्यंत थांबा. मुलाची गाडी उशिरा आली, मग थोरल्या दिरांना यायचं होतं, असं करता करता सहावा दिवस उजाडला आणि राउंडला सिस्टर म्हणाली, मॅडम, हे ट्यूब चावतायत. मी वाकून म्हटलं, काका दोन बोटं दाखवा, आणि त्यांनी दाखवली. त्यांची किडनी बंद होती, मिडाझोलाम उतरलंच नव्हतं, आणि मी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या कामाचा, रिपोर्ट हातात असून त्याचा विचार केला नव्हता. ते चालत घरी गेले. मुलाची गाडी वेळेवर आली असती तर काय झालं असतं हे माझ्या डोक्यातून आजपर्यंत गेलेलं नाही, आणि म्हणूनच ताई, तुला हे सगळं इतकं सविस्तर लिहितेय.

आता नियम काय आहे तर हार्ट चालू झाल्यापासून निदान ७२ तास थांबायचं, आणि ते ७२ तासही झोपेची औषधं उतरलेली असतील तरच खरे, उतरली नसतील तर अजून थांबायचं. बरेच पेशंट त्याआधीच उठतात, पण काही चौथ्या-पाचव्या दिवशी, थोडे आठवड्यानंतरही उठतात. ७२ तासांनी पेशंट बेशुद्धच असेल, दुखवलं तर हात झटकून बाजूला घेत नसेल, तर खाली सांगितलेल्या टेस्ट आणि खुणा बघायच्या आणि त्यातल्या किमान दोन तरी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच वाईट बातमी द्यायची. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्ये हे असंच लिहिलंय.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाच्या हाताला करंट देऊन एक टेस्ट केली आणि रिपोर्टमध्ये एन-२० दोन्ही बाजूला नाही असं आलं. त्यावरून डॉक्टर म्हणाले सुधारणा कठीण आहे. एका टेस्टवर एवढं कसं सांगतात? एमआरआय तर अजून केलाच नव्हता. आणि डोळ्यात टॉर्च मारला की बुबुळ आकसायचं, मग मेंदू चालू होता ना? (नाशिक)

उत्तर : दादा, ही टेस्ट मी बेडपाशी उभी राहून कितीतरी वेळा बघितलीय, तशीच सांगते. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे घड्याळाचा पट्टा येतो तिथे, दोन छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात आणि बारीक बारीक करंट सोडतात. अंगठा टिकटिक उडायला लागतो, पेशंट पूर्ण बेशुद्ध असला तरी उडतो, नातेवाईक काचेतून बघतात आणि त्यांना वाटतं हात हलला. तो करंट मनगटातून खांद्याजवळ, मानेत, तिथून वर मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत जातो आणि साधारण २० मिलिसेकंदांनी तिथे एक छोटी लाट उठते, तिचंच नाव एन-२०. शेकडो वेळा करंट देऊन त्यांची सरासरी काढावी लागते कारण लाट इवलीशी असते आणि आयसीयूत पंप, व्हेंटिलेटर, सगळ्याची खरखर त्यात मिसळते.

ही टेस्ट इतकी मानतात त्याचं कारण झोपेच्या औषधांनी ती लाट सहसा पुसली जात नाही, थंड केल्यानेही नाही, थोडी उशिरा येते एवढंच. त्यामुळे पहिल्या २४ तासांनंतर दोन्ही बाजूंना लाट अजिबात नसेल तर तो खरोखर वाईट निरोप असतो. पण दोन गोष्टी विचारायच्याच. एक म्हणजे करंट मानेपर्यंत पोचला होता का, कारण मधेच नस दबलेली असेल, मणक्याला मार असेल तर वर लाट येणारच नाही आणि त्यात मेंदूचा काही दोष नाही. दुसरी म्हणजे खरखर फार होती का. या दोन्ही ठीक असतील आणि बरोबर दुसरी एखादी टेस्टही तेच सांगत असेल तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर होतं. आणि उलटं मात्र खरं नाही हां, लाट आहे म्हणजे पेशंट उठणारच असं नसतं, लाट असूनही न उठलेले पेशंट बरेच असतात.

बुबुळाचं म्हणाल तर टॉर्चला बुबुळ आकसणं हे मेंदूच्या देठाचं, म्हणजे मणक्याकडे उतरणाऱ्या खालच्या भागाचं काम. देठ ऑक्सिजनशिवाय जास्त तग धरतो, वरचा विचार करणारा भाग, आठवणींचा भाग, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या काही पेशी, हे आधी जातात. म्हणून टॉर्चला बुबुळ आकसतं, श्वासही स्वतःचा घेतात, काही दिवसांनी डोळेही उघडतात आणि तरी समोरचं माणूस ओळखत नाहीत, असं होऊ शकतं. घरच्यांना हे पचवणं सगळ्यात अवघड जातं, मला माहितेय, कारण डोळे उघडले म्हणजे आला असंच आपल्याला वाटतं. ७२ तासांनंतर टॉर्चला बुबुळही आकसत नाही आणि डोळ्याला कापसाची वात लावली तरी पापणी मिटत नाही, असं दोन्ही असेल तर ती वाईट खूण.

बाकीच्या टेस्टचं थोडक्यात सांगते. ईईजीत, म्हणजे डोक्याला वायरी लावून काढलेल्या मेंदूच्या विजेच्या लाटांच्या आलेखात, २४ तासांनंतरही रेघ जवळजवळ सपाट असेल किंवा मधेच एक भडका आणि मग सपाट, पुन्हा भडका, असं चालू असेल तर वाईट, पण ते झोपेच्या औषधानेही होऊ शकतं म्हणून औषधाचा डोस बघून वाचायचं. उलट पहिल्या २४ तासांतच लाटा सलग यायला लागल्या तर ती फार चांगली खूण, आणि ही घरच्यांना आवर्जून सांगावी असं माझं मत आहे, आपण डॉक्टर वाईट खुणाच मोजत बसतो. रक्तातली एनएसई नावाची टेस्ट असते, मेंदूच्या पेशी फुटल्या की ते रक्तात वाढतं, ४८ किंवा ७२ तासांनी ६० च्या वर असेल तर वाईट, पण ते लाल रक्तपेशींमध्येही असतं, त्यामुळे रक्त काढताना सॅम्पलमधल्या त्या पेशी फुटल्या तर आकडा उगाच वाढतो. सीटी किंवा एमआरआयमध्ये मेंदूभर सूज आणि इजा पसरलेली दिसते का ते बघतात, एमआरआय दोन ते सात दिवसांमधला धरतात, आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला तिथपर्यंत नेणं हीच एक जोखीम असते, त्यामुळे तुमच्याकडे केला नसेल तर निष्काळजीपणाच होता असं नाही.

प्रश्न : माझे मिस्टर दोन महिन्यांपूर्वी हार्ट बंद पडून वाचले. शुद्धीवर आहेत, सगळ्यांना ओळखतात, बोलतात, पण पाण्याचा ग्लास उचलायला गेले की हाताला असे झटके येतात की पाणी सगळं अंगावर. उभं राहिलं तर पायात झटका येऊन पडतात. आयसीयूत असतानाही झटके होते तेव्हा एकाने सांगितलं होतं झटके म्हणजे मेंदू संपला. मग हे काय आहे? (रत्नागिरी)

उत्तर : ताई, झटके दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत झाली तर फार मोठी चूक होते. एक म्हणजे पहिल्या तीन दिवसांत, पेशंट गाढ बेशुद्ध असताना, चेहरा, छाती, हातपाय सगळं मिळून अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ थांबायचंच नाव न घेणारे झटके. ते बहुतेक वेळा वाईट, पण तिथेही ईईजी काढून बघायचाच. दुसरे झटके तुमच्या मिस्टरांना आहेत तसे, माणूस जागा आहे, शांत पडलाय तोवर काही नाही, आणि काही करायला गेला की झटका. १९६३ मध्ये लान्स आणि ॲडम्स या दोन डॉक्टरांनी असे पेशंट पहिल्यांदा लिहून ठेवले, म्हणून त्याला लान्स-ॲडम्स म्हणतात. मेंदू संपल्याची ती खूण नाही. आयसीयूतही हे पहिल्या काही दिवसांत सुरू होऊ शकतं, आणि झोपेच्या औषधाखाली असलेल्या पेशंटमध्ये कुठला प्रकार आहे ते नुसतं बघून ओळखता येत नाही.

व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम, क्लोनाझेपाम ही औषधं याला चालतात, एकाने पूर्ण जमत नाही, बहुतेकदा दोन-तीन मिळून द्यावी लागतात, डोस न्यूरॉलॉजिस्टच ठरवतील. तोवर जड स्टीलचा पेला अर्धाच भरून द्या, दोन्ही हातांनी धरायला सांगा, कोपर टेबलावर टेकवून. बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवून घ्या, आणि उठताना कोणीतरी जवळ हवंच.

प्रश्न : मी इंजिनीअर आहे, थोडं वाचन आहे. २०२१ च्या मोठ्या अभ्यासात थंड करण्याचा काही फायदा नाही असं सिद्ध झालं ना? मग अजूनही पेशंटना थंड का करतात, बिल वाढवायला? आणि नॉर्वेमध्ये एक बाई बर्फात अडकून वाचली होती, मग थंडीने वाचतात की नाही? (पुणे)

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे. २००२ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी आले. युरोपातला २७५ पेशंटचा, ३२ ते ३४ डिग्री सेल्सिअसला २४ तास, त्यात थंड केलेल्यांपैकी ५५ टक्के चांगले सुधारले, न केलेल्यांपैकी ३९ टक्के. मेलबर्नचा ७७ पेशंटचा, ३३ डिग्रीला १२ तास, ४९ टक्के विरुद्ध २६ टक्के. एवढा फरक बघून जगभर थंड करणं सुरू झालं. मग २०१३ मध्ये साडेनऊशे पेशंटवर ३३ आणि ३६ डिग्रीची तुलना केली, फरक निघाला नाही. २०२१ मध्ये १९०० पेशंट घेतले, एका गटाला ३३ डिग्री, दुसऱ्याला फक्त ताप येऊ द्यायचा नाही, सहा महिन्यांनी मृत्यू ५० टक्के आणि ४८ टक्के, म्हणजे सारखेच. थंड केलेल्यांमध्ये हार्टची लय बिघडण्याचा त्रास जास्त झाला. पण मधेच २०१९ मध्ये फ्रान्समधून एक अभ्यास आला, ज्यांच्या हार्टची लय शॉक देण्यासारखी नव्हती अशा पेशंटचा, त्यात ३३ डिग्रीला १०.२ टक्के चांगले सुधारले आणि ३७ डिग्रीला ५.७ टक्के. त्यामुळे काही डॉक्टर काही पेशंटना अजून थंड करतात, त्याला आधार नाही असं नाही. ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे ती गोष्ट म्हणजे पहिले दोन-तीन दिवस ताप चढू द्यायचा नाही, ३७.५ च्या वर नाही, म्हणजे आपल्या घरच्या थर्मामीटरवर ९९.५. बर्फाच्या पिशव्या आणि पॅरासिटामॉलनेही यातलं बरंच होतं, महागडं मशीन लागतंच असं नाही. बिलाबद्दल शंका असेल तर सरळ विचारा, कशासाठी थंड करताय आणि किती वेळ, याचं उत्तर मिळायलाच पाहिजे.

नॉर्वेची गोष्ट खरी आहे, १९९९ ची. ॲना बोगेनहोल्म नावाची डॉक्टर स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात ८० मिनिटं अडकली, शरीराचं तापमान १३.७ डिग्रीपर्यंत गेलं, आणि ती वाचली, परत कामाला लागली. पण तिथे आधी मेंदू थंड झाला आणि मग हार्ट बंद पडलं. थंड मेंदूला ऑक्सिजन फार कमी लागतो. आपल्या पेशंटचं हार्ट ३७ डिग्रीच्या गरम अंगात बंद पडतं, इजा तेव्हाच होऊन गेलेली असते आणि थंड करणं काही तासांनी सुरू होतं. आग लागायच्या आधी पाणी मारून ठेवणं वेगळं, लागल्यावर मारणं वेगळं.

प्रश्न : बहिणीचं बाळ जन्मल्यावर रडलं नाही. आमच्या इथे बाळाला थंड करायची सोय नव्हती. मोठ्या शहरात नेलं असतं तर मेंदू वाचला असता का, हेच घरात सारखं बोलणं होतं. (लातूर)

उत्तर : हे बोलणं आता थांबवा, बहिणीच्या जिवाला ते लागत असणार. श्रीमंत देशांमध्ये अशा बाळांना ७२ तास थंड केल्याचा फायदा दिसलाय हे खरं. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर जो अभ्यास झाला, हेलिक्स नावाचा, २०२१ मध्ये छापून आला, त्यात थंड केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली आणि न केलेल्यांपैकी ३१ टक्के. म्हणजे आपल्याकडे त्याने फायदा तर नाहीच, नुकसान झालेलं दिसलं. बाळाचं पुढचं भविष्यही एका दिवसात सांगता येत नाही. दूध ओढतंय का, मान कधी धरतंय, डोकं वाढतंय का, मुठी सारख्या घट्ट आवळलेल्या राहतात का हे बघत राहावं लागतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे लवकरात लवकर नाव नोंदवून फिजिओथेरपी सुरू करा, पहिलं वर्ष महत्त्वाचं असतं.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा आहे. माझं हार्ट बंद पडलं आणि मेंदू गेला तर मला वर्षानुवर्षं तसं पडून राहायचं नाहीये. अरुणा शानबागचं सगळं आम्ही पेपरात वाचत आलोय. मुलं म्हणतात असं लिहून ठेवता येतं, पण कोर्टाच्या चकरा माराव्या लागतात. (ठाणे)

उत्तर : काका, मुलांशी बसून हा विषय काढलात हे फार बरं केलंत. अरुणाताईंचा मेंदूही ऑक्सिजन न मिळाल्यानेच गेला होता, २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला, आणि तिथल्या नर्सेसनी १८ मे २०१५ पर्यंत त्यांना सांभाळलं. त्यांच्याच खटल्यात २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा म्हटलं की काही परिस्थितीत उपचार काढून घेता येतात, पण हायकोर्टाची परवानगी घेऊन. २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे अशा वेळी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता मिळाली, पण अटी इतक्या किचकट होत्या की कोणी वाटेला जाईना. जानेवारी २०२३ मध्ये त्या सोप्या केल्या. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे साक्षांकित करून घेतलं की झालं. तुमच्या वतीने कोणी बोलायचं त्यांची नावं त्यात लिहा. प्रत्यक्ष वेळ आली तर हॉस्पिटलचं एक मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो, अशी दोन्ही मंडळं तपासून ठरवतात, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. निर्णय अमलात आणण्याआधी मॅजिस्ट्रेटला कळवायचं काम हॉस्पिटलचं, तुमच्या मुलांचं नाही.

त्यात एक वाक्य तुम्ही घालाच असं मी सुचवेन, की बेशुद्धीचं कारण काहीही असो, सुधारणा होणार नाही हे वेळ देऊन आणि एकाहून जास्त टेस्ट करूनच ठरवावं. आणि ब्रेन डेड हा शब्द वेगळा आहे हेही मुलांना सांगून ठेवा. कोमातला माणूस जिवंत असतो. ब्रेन डेडमध्ये देठासकट मेंदू बंद झालेला असतो, स्वतःचा एकही श्वास नसतो, चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून सही करतात, अवयवदानाचा प्रश्न तिथे येतो. आयसीयूबाहेर हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, कधीकधी स्टाफकडूनही.

प्रश्न : बाबा एसटीत कंडक्टर होते. चार महिन्यांपूर्वी त्यांचं हार्ट बंद पडलं, थंड करून ठेवलं होतं, अकराव्या दिवशी नीट शुद्धीवर आले. आता चालतात, जेवतात, डॉक्टर म्हणतात रिझल्ट उत्तम आहे. पण चिपळूण ते मुंबईचे सगळे स्टेज आणि जुनी भाडी तोंडपाठ सांगतात आणि सकाळी नाश्ता केला का ते आठवत नाही. चिडचिड करतात, संध्याकाळी रडतात. हे असंच राहणार का? (चिपळूण)

उत्तर : अकराव्या दिवशी शुद्धीवर आले हे वाचूनच मला बरं वाटलं, वरच्या सांगलीच्या पत्रानंतर तुमचं पत्र मुद्दाम ठेवलंय. आमच्या मोजपट्टीत पाच पायऱ्या असतात, पाचवी म्हणजे मृत्यू, आणि पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या माणसाला "चांगला रिझल्ट" म्हणतात. स्वतःचं स्वतः करता आलं की तो दोनमध्ये बसतो. नाश्ता आठवतो का हे त्या पट्टीत कुठेच नाही. डॉक्टर खोटं बोलले नाहीत, पण तुमच्या घरात जे चाललंय तेही तितकंच खरं आहे.

नवीन आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, ऑक्सिजन कमी पडला की सगळ्यात आधी मार खाणाऱ्यांपैकी. जुनं आधीच पक्कं बसलेलं असतं, म्हणून तीस वर्षं रोज म्हटलेले स्टेज शाबूत आणि सकाळचे पोहे गायब. सुधारणा जास्त करून पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, त्यानंतरही होते पण हळू, म्हणजे तुमचे चार महिने झालेत, अजून वेळ आहे. जेवणाच्या टेबलाजवळ एक फळा लावा, त्यावर आजची तारीख, नाश्ता झाला, गोळी घेतली, कोण भेटायला येणार, असं त्यांनाच लिहू द्या, त्यांच्या हाताला पूर्वीपासून हिशोब लिहायची सवय आहे तिचा उपयोग करा. वस्तूंच्या जागा बदलू नका. "आत्ताच तर सांगितलं" हे वाक्य घरात कोणी बोलायचं नाही. दुपारी झोपू द्या, हा मेंदू लवकर थकतो आणि थकला की चिडतो. स्कूटर सध्या नको. रडणं हे डिप्रेशन असू शकतं, हार्टच्या पेशंटला चालतील अशी त्याची औषधं आहेत, कार्डिओलॉजिस्टच्या फॉलो-अपला हे सगळं कागदावर लिहून न्या, कारण बाबा तिथे गेल्यावर मला काही त्रास नाही म्हणतील आणि त्यांना खरंच तसं वाटत असेल. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून स्मरणशक्तीची एकदा नीट तपासणी करून घ्या आणि सहा महिन्यांनी परत, म्हणजे फरक मोजता येईल.

आणि आईबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीये. त्या रात्री झोपतात का ते विचारा, हार्ट परत बंद पडेल या भीतीने श्वास चालू आहे का बघायला दर तासाला उठणाऱ्या बायका मी खूप बघितल्यात. पुढच्या व्हिजिटला त्यांनाही बरोबर न्या आणि त्यांचं बीपी तपासून घ्या.